पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बाप्पा!

शहरात नोकरी लागली की पगाराबरोबर आणखी एक पोस्ट आपोआप गळ्यात पडते. खानदानातल्या तमाम ऑनलाइन फॉर्मांचं कस्टमर केअर! काकांचा पीक विमा, आत्याचं आधार अपडेट, चुलतभावाचा पासपोर्ट, सगळ्यांवर गावाकडे एकच उत्तर असतं: ‘त्याले फोन लाव, तो दिवसभर कम्प्युटरवरच बसते.’ आपण तिथे बसून बॉसच्या एक्सेल शीटा भरतो, हे त्यांना कोण सांगणार?

या कस्टमर केअरचा पीक सीझन म्हणजे निकालांचे दिवस. इंजिनिअरिंगचा फोन आला तर टेन्शन नसतं. निम्मं ऑफिस त्याच दारातून आत आलेलं असतं, कुणालाही विचारा. पण हल्ली फोन येतात ते लॉचे. ‘दादा, सीईटीचा स्कोअर आला, आता काय करू?’ इथे भल्याभल्यांची दांडी गुल होते. कारण आपल्या ओळखीतले बहुतेक वकील जुन्या जमान्यातले. ते मार्कशीट घेऊन कॉलेजात गेले, फॉर्म भरला, अ‍ॅडमिशन घेतली, विषय संपला. राज्यात लॉसाठी सीईटी आली ती २०१६ साली. त्यामुळे एखाद्या सीनियर वकिलाला पर्सेंटाइलबद्दल विचारलंत, तर तो फार तर पुढची तारीख देईल!

तर मंडळी, आजचा कॉलम या स्कोअरबद्दल. तो कसा बनतो, त्याने काय मिळतं, आणि काय मिळत नाही.

आमचं गाव हिवरखेड. विदर्भात या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. आमचं अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. अकोला-खांडवा मीटरगेज होती तेव्हा त्या लाइनीवर गावाचं स्टेशन होतं. गावात माझा मामा कापूस पिकवतो आणि त्याच्या मुलीने बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली. स्कोअर आला एक्क्याण्णव पॉइंट काहीतरी. मामाने लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं: ‘आमच्या लेकीले ९१ टक्के!!’ दोन तासांत पेढे वाटून झाले. चौथ्या तासाला मला फोन.

‘अरे बापू, मास्तरच्या पोराले बारावीत ८८ पडले तं त्याचा केवढा बोभाटा झाला. हिले एक्क्याण्णव हायेत. मंग हे पोट्टी काहून रडून राहिली?’

पोट्टी रडत होती, कारण तिला कळलं होतं. मामाला कळायचं होतं.

मी म्हटलं, ‘मामा, तुम्ही जिनिंगवर कापूस नेता ना? तिथे दोन गोष्टी असतात. एक, तुमच्या कापसाची प्रत. दुसरी, रांगेत तुमची गाडी कुठे उभी आहे ती जागा. टक्के म्हणजे प्रत. पर्सेंटाइल म्हणजे रांग. ९१ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ९१ गाड्या तुमच्या बरोबरीच्या किंवा मागच्या.’

‘मंग पुढं नऊच गाड्या हायेत नं?’

‘शंभरात नऊ. पण गाड्या शंभर नाहीत, मामा. धरून चला की रांगेत ३०,००० आहेत. मग तुमच्या पुढे २,७०० झाल्या.’

तिकडे थोडा वेळ शांतता. मग मामा म्हणाला, ‘एवढे वकील कुठी मावतीन, बाप्पा?’

प्रश्न एकदम व्हॅलिड आहे, पण तो दुसऱ्या कॉलमचा. आपण रांगेवरच राहू.

मुळात सरळ मार्क द्यायचे सोडून हा पर्सेंटाइलचा घाट घालायचाच कशाला? कारण हजारो मुलांना एकाच वेळी कम्प्युटरवर बसवता येत नाही. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. सकाळचा पेपर सोपा आणि दुपारचा डोक्याला ताप, असं झालं तर? म्हणून तुमची तुलना आधी फक्त तुमच्या सत्रातल्या मुलांशी होते. त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती जणांना आहेत ते मोजायचं, सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. झाला पर्सेंटाइल. या हिशेबात प्रत्येक सत्राचा टॉपर १०० वर जातो, मग त्याला पैकीच्या पैकी मार्क असोत वा नसोत. म्हणूनच कुणाला तुमच्यापेक्षा चार मार्क कमी आणि पर्सेंटाइल मात्र जास्त, असं होऊ शकतं. तो घोटाळा नसतो, त्याचा पेपर अवघड असतो. आणि एकाच आकड्यावर गर्दी होऊ नये म्हणून दशांश चिन्हापुढे सात आकडे छापतात. पोट्टी रडत होती ती त्या सात आकड्यांसाठी नाही. तिने स्कोअर बघून थेट पुण्याच्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा कटऑफ काढला होता.

आता या सीईटीचा फंडा सांगतो, कारण तो राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेपेक्षा वेगळा आहे. पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. सुरुवातीला १५० प्रश्न असायचे, २०२५ पासून १२० झाले. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, लॉजिक, इंग्रजी आणि पाच वर्षांच्या कोर्सला थोडं गणित. बारावीचे टक्के लागतात ते फक्त दारातून आत येण्यापुरते: ओपनला ४५ आणि एससी-एसटीला ४०. एकदा आत आलात की तुमचे बारावीचे ८८ आणि शेजाऱ्याचे ४६ एकाच मापाने मोजले जातात. मास्तरच्या पोराचा बोभाटा इथे कामाचा नाही, हे ऐकून मामाला जरा बरं वाटलं.

पुढची गंमत म्हणजे रांग एक नसते. स्कोअर तोच, पण तुम्ही एका वेळी तीन-चार रांगांत उभे असता. एक सगळ्यांची, एक तुमच्या प्रवर्गाची. महाराष्ट्रातल्या मुलांची वेगळी, बाहेरच्यांची वेगळी. सगळ्यांच्या रांगेत २,७०० वी असलेली मुलगी ओबीसीच्या रांगेत बरीच पुढे असू शकते. पण तिथे उभं राहायला तिकीट लागतं: जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, तोही वेळेत. ज्याचं नॉन-क्रिमीलेअर सेतू केंद्रात अडकलंय, तो ओपनच्या रांगेत जाऊन उभा राहतो. दोन वर्षांच्या अभ्यासाने मिळवलेले चार पर्सेंटाइल एका न मिळालेल्या कागदापायी गेले, असं होतं. अभ्यास मुलं करतात, दाखले काढायचे असतात बापाला. मामाने ते काम सीईटीच्या आधीच उरकून ठेवलं होतं. ‘कागदाच्या बाबतीत मी पक्का हाओ,’ हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. (हे टक्के, पर्सेंटाइल नाही!)

त्या कागदांचा आणखी एक फायदा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आधी ती निम्मी माफ होती. पण अट अशी की अ‍ॅडमिशन सरकारी कॅप राउंडमधून झालेली हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की सवलत गेली. म्हणजे स्कोअरचा थेट पैशांशी संबंध आहे, फक्त तो कुणी पेढे वाटताना सांगत नाही.

आता मुख्य सीन. कॅपचा ऑप्शन फॉर्म. म्हणजे तुम्हाला हवी असलेली कॉलेजं एकाखाली एक पसंतीने लिहायची. रात्री अकराला बहिणीचा फोन.

‘दादा, मी पुणं पहिलं टाकू का? बाबा म्हणतात अकोला पहिलं टाक, नाहीतर तेबी हातचं जाईन.’

मामाची ही थिअरी घरोघरी चालते. मोठं मागितलं की छोटंही जातं. लग्नाच्या बोलणीत असेल तसं, पण कॅपच्या कम्प्युटरला हे लॉजिक माहीत नाही. तो काय करतो ते बघा. मेरिट लिस्टच्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. त्याची यादी उघडतो, पहिली पसंती रिकामी आहे का बघतो, असेल तर देऊन टाकतो. नसेल तर दुसरी, मग तिसरी. त्याचं झालं की दुसऱ्या नंबरचा मुलगा. असं करत करत तुमची पाळी येते. तोपर्यंत ज्या सीटा उरल्यात, त्यांतली तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली सीट तुमची. पुण्याचं नाव वर लिहिलं म्हणून अकोल्याची सीट मागच्याला जात नाही, कारण मागच्याची पाळी तुमच्यानंतर येते. पुणं भरलेलं असेल तर कम्प्युटर त्याच सेकंदाला खाली सरकतो. तुम्हाला कसलाही दंड नाही.

थोडक्यात, स्कोअर ठरवतो तुमची पाळी कधी येणार. पाळी आल्यावर काय मागायचं ते तुमची यादी ठरवते. पहिली गोष्ट निकालाच्या दिवशीच फायनल झालेली असते. दुसरी अजून तुमच्या हातात असते. आणि लोक रडतात पहिल्यासाठी, तर दुसरी सायबर कॅफेवाल्याच्या हातात देऊन मोकळे होतात! ‘भाऊ, तूच टाक बरी बरी कॉलेजं.’ तो बिचारा टाकतो, वर्णानुक्रमे.

यादीचे दोनच नियम. खरोखर जितकी आवडतात त्या क्रमाने लिहा. आणि जिथे मेलो तरी जाणार नाही, ते नाव लिहूच नका, कारण ते मिळू शकतं.

मी बहिणीला विचारलं, ‘आता खरं सांग, तुला काय हवंय?’ बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘आयएलएस. नाहीतर मुंबईचं जीएलसी. पण मुंबईत राहायचा खर्च बाबाले झेपणार नाही.’ बघा, या पोरीला स्कोअरचं गणित आपल्याआधी कळलं होतं. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्रिन्सिपॉल झाले. या दोन ठिकाणी अख्खा महाराष्ट्र रांग लावतो, म्हणून कटऑफ आकाशात. कॉलेजच्या दारात ‘इतके पर्सेंटाइल असतील तरच आत या’ असा बोर्ड कुणी लावलेला नसतो. कटऑफ म्हणजे शेवटची सीट ज्याला मिळाली त्याचा स्कोअर, बस. तो दरवर्षी नव्याने बनतो. मागच्या वर्षीचा आकडा बघून अंदाज बांधायचा, जीव द्यायचा नाही.

मग आला क्लॅटचा विषय. ‘दादा, एक वर्ष ड्रॉप घेऊन क्लॅट देऊ का?’

क्लॅट म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची सामायिक परीक्षा. आधी प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापली परीक्षा घ्यायची. एक मुलगा, सात फॉर्म, सात शहरं. २००६ मध्ये एका विद्यार्थ्याने सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातून पुढे सात युनिव्हर्सिट्या एकत्र आल्या आणि मे २००८ मध्ये पहिली क्लॅट झाली. महाराष्ट्रात आता अशा तीन युनिव्हर्सिट्या आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, म्हणजे पुन्हा एक वेगळी रांग. नागपूर आमच्या गावाकडून पुण्यापेक्षा जवळ. ऐकायला एकदम सही.

पण खेळाचे नियम वेगळे. पेपर फक्त इंग्रजीत. दोन तास, १२० प्रश्न, बहुतेक सगळे लांबलचक उतारे वाचून सोडवायचे. प्रत्येक चुकीला पाव मार्क कापला जातो, त्यामुळे सीईटीचा ‘ठोक काहीतरी’ फॉर्म्युला इथे महागात पडतो. सगळ्यांचा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी. म्हणून पर्सेंटाइलची भानगड नाही, सरळ मार्क आणि सरळ रँक. दोघांचे मार्क सारखे आले तर ज्याला कायद्याच्या भागात जास्त तो पुढे. तेही सारखे असतील तर ज्याचं वय जास्त तो पुढे. तेही सारखं, तर कम्प्युटरवर चिठ्ठी. देशाचा कायदा शिकायला जाणारा एखादा मुलगा चिठ्ठीवर आत गेला, हेही कायदेशीरच.

एका मार्काची किंमत किती, तर साधा हिशेब करा. समजा ६०,००० मुलं बसली आणि मार्क १२०. सरासरीने एका मार्कावर ५०० मुलं उभी. गर्दीच्या पट्ट्यात त्याहून जास्त. म्हणून एक प्रश्न चुकीचा छापला गेला की शेकडो घरांतला टीव्ही बंद होतो.

आणि प्रश्न चुकतात. १ डिसेंबर २०२४ ला झालेल्या क्लॅटच्या उत्तरपत्रिकेवरून मुलं कोर्टात गेली. २० डिसेंबरला दिल्ली हायकोर्टाने दोन उत्तरं चुकीची ठरवली. पुढे अपील, आणखी प्रश्न, आणखी तारखा. शेवटी ७ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. प्रश्न इतक्या ढिलाईने काढले जातात याबद्दल नाराजी व्यक्त केली, कुठल्या प्रश्नाचे मार्क द्यायचे आणि कुठला प्रश्न रद्द करायचा ते सांगितलं, आणि सुधारित निकाल लावायला लावला. डिसेंबरला दिलेल्या पेपरचा पक्का निकाल मेमध्ये! त्याआधी २०१८ ला ऑनलाइन क्लॅटमध्ये काही सेंटरवर कम्प्युटरच बंद पडले. तेव्हा कोर्टाच्या आदेशाने एक फॉर्म्युला लावला: मिळालेल्या वेळात मुलाने ज्या वेगाने उत्तरं दिली, त्या वेगाने वाया गेलेल्या वेळात किती मार्क मिळवले असते? तेवढी भरपाई. आणि २०२० मध्ये बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने क्लॅट सोडून स्वतःची वेगळी परीक्षा घेतली, ती सुप्रीम कोर्टाने नऊ दिवसांत रद्द केली. या तिन्ही केसेस लक्षात ठेवा. स्कोअरकार्डवरचा आकडा देवाने कोरलेला नसतो. माणसं पेपर काढतात, माणसं उत्तरं ठरवतात, त्यामुळे आक्षेप नोंदवायची मुदत असते ती वापरायची असते.

पण मला यातला खरा पंच वाटतो तो वेगळाच. ७ मे २०२५ च्या त्या बेंचवर होते न्यायमूर्ती भूषण गवई. आमच्या अमरावतीचे. आठवड्याभरात, १४ मेला, ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि २३ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्त झाले. मराठी शाळेत शिकलेले, अमरावतीत कायदा शिकलेले, मार्च १९८५ मध्ये वकिलीत आलेले. तेव्हा क्लॅट नावाचा प्राणी जन्मालाच आला नव्हता. त्यांच्याआधी २०१९ ते २०२१ सरन्यायाधीश असलेले शरद बोबडे नागपूरचे, नागपूर विद्यापीठातून लॉ केलेले. म्हणजे सहा वर्षांत विदर्भाने दोन सरन्यायाधीश दिले, आणि दोघांनाही कुणी पर्सेंटाइल विचारला नव्हता.

मी हे बहिणीला सांगितलं, पण लगेच ‘म्हणून स्कोअरला काही अर्थ नाही’ असं म्हटलं नाही. ते खोटं आहे आणि या वयाच्या पोरांना खोटं पटकन कळतं. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसला जातात त्या ठरावीक ठिकाणीच. चांगली इंटर्नशिप, मूट कोर्ट, सोबतची चार हुशार डोकी, हे सगळं स्कोअरच्या मागून येतं. पहिल्या नोकरीवर कॉलेजच्या नावाचा शिक्का जोरात बसतो. पण लॉमध्ये पुढे आणखी दारं आहेत आणि तिथे हा स्कोअर कुणी बघत नाही. डिग्रीनंतर वकिली करायची तर ऑल इंडिया बार एक्झाम, आणि तिथे पास किंवा नापास एवढंच. जज व्हायचं तर जेएमएफसीची परीक्षा, तिथे नव्याने पाटी कोरी. अकोल्याच्या कोर्टात अशिल बघतो ते तुमच्या हातातल्या फायली, स्कोअरकार्ड नाही.

अमेरिकेत हेच वेगळ्या पद्धतीने चालतं. तिथे १९४८ पासून एलसॅट आहे, मार्क १२० ते १८० मध्ये. पण कॉलेज फक्त स्कोअर बघत नाही. पदवीचे ग्रेड, निबंध, शिफारसपत्रं, सगळं एकत्र वाचतात. चांगल्या स्कोअरवर स्कॉलरशिप मिळते. हिवरखेडच्या मुलीला तिथे निबंधात सांगता आलं असतं की ती कापूस वेचायला जाऊन अभ्यास करत होती. आपल्याकडे निबंध नाही, आकडाच सगळं बोलतो. मला विचाराल तर याला दुसरी बाजूही आहे. निबंधाच्या देशात शिफारसपत्र कुणाचं, हा प्रश्न येतो, आणि मामाची ओळख फार तर सरपंचापर्यंत. आकड्याला ओळख लागत नाही. आकड्याला कोचिंग मात्र लागतं, आणि ते अकोट-तेल्हाऱ्यात किती मिळतं, हे तुम्हीच समजून घ्या.

ड्रॉपचं उत्तर असं निघालं. क्लॅट आता डिसेंबरात होते. फर्स्ट इयरला बसूनही ती देता येते. मग वर्ष कशाला घालवायचं? यादी ठरली: पुणं, मग नागपूर, मग अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख लॉ कॉलेज, मग अकोला. मुंबई नाही. पहिल्या राउंडला काही नाही आलं. मामा दोन दिवस जेवला नाही असं मामी म्हणते, मामा म्हणतो उन्हाळ्यामुळे. दुसऱ्या राउंडला अमरावती लागलं. मामाने जुनं स्टेटस काढून नवीन टाकलं, यावेळी आकड्याविना. आणि पोट्टीने होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात इंग्रजी वर्तमानपत्र लावलंय. डिसेंबरचं बघू, म्हणते.

आता तुमच्याकडे वळतो. कारण कॉफी मशीनपाशी ‘यार, मी खरं तर लॉ करणार होतो’ म्हणणारे तुमच्यातही आहेत. ग्रॅज्युएशननंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सची सीईटी वेगळी असते आणि तिला वयाची अट नाही. गणित नाही, इंग्रजीला जास्त वजन, म्हणजे रोज क्लायंटला मेल टाकणाऱ्यांसाठी बरी गोष्ट. पण डिस्टन्सने एलएलबी करून वकिली करता येत नाही, बार कौन्सिल ते मानत नाही. रोज सकाळी कॉलेज आणि नंतर ऑफिस, हे किती दिवस जमेल याचा हिशेब फॉर्म भरण्याआधी करा. आणि गावाकडून फोन आला, तर खालचा कागद फ्रिजवर लावून ठेवा.

कस्टमर केअरची चिठ्ठी

• पर्सेंटाइल आणि टक्के एक नव्हेत. स्टेटस टाकण्याआधी घरात सांगा.

• सीईटीत चुकीला मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. क्लॅटमध्ये पाव मार्क जातो, तिथे अंदाजपंचे नको.

• जातीचा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाइल निकालाआधी हातात हवेत.

• ऑप्शन फॉर्म स्वतः भरा, खऱ्या आवडीच्या क्रमाने. वर मोठं नाव लिहिल्याने खालचं जात नाही.

• फी माफी हवी असेल तर कॅप राउंड सोडू नका.

• उत्तरपत्रिका आली की स्वतःची उत्तरं ताडून बघा. शंका असेल तर मुदतीत आक्षेप टाका, मुदत गेल्यावर नुसता संताप उरतो.

• आणि शेवटचं. फोनवर आधी विचारा, ‘तुला काय हवंय?’ स्कोअर नंतर विचारा.